पिंगळा आणि माझ्या नावाचा दगड

ये गो मंजू, अशी जवळ बस. फोनवर नाय बोलायचं मला हे. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि तिकडे फोडणी तडतडत असते, ती मला इथे ऐकू येते. म्हणून लिहून काढते. दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितलेत, तर म्हटलं एकाच कागदात दोन्ही कामं होतील. त्यांना अनुभव मिळेल, तुला बोलणी.

बोलणी आधी. गेल्या आठवड्यात काय म्हणालीस मला? "आत्या, माझ्या इराचा वाढदिवस आलाय, तुमच्याकडे पिंगळ्याचं पिल्लू मिळेल का गं एखादं? तिच्या वर्गात दोघींकडे आहे." दर वर्षी वालाच्या शेंगा पाठवते तशी पिशवीभर पिल्लं पाठवीन असं वाटलं का तुला? अगो, शाळेच्या सुट्ट्या तू माझ्या दवाखान्यात घालवल्यास. बैलांना पाणी पाजलंस. कुणी परकी बाई असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. तू विचारलंस आणि मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

आता बाकीच्या वाचकांसाठी. कासू स्टेशनापासून पाऊण तास चाललं की आमचं गाव. तिथल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी परिचर होते. परिचर म्हणजे काय, तर डॉक्टर सोडून बाकी सगळं. बैल खोड्यात घालायचा, त्याची मान धरायची, बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजायचं, जखमेतल्या अळ्या काढायच्या, आणि डॉक्टर सुई मारेपर्यंत जनावराशी बोलत राहायचं. बोलणं हे माझं खास खातं. आमचे डॉक्टर म्हणायचे, "इंदूबाई, तुमच्या बडबडीनेच बैल गुंगतो, गुंगीचं औषध मी उगाच मागवतो."

शिक्षण आठवी. पुढचं सगळं जनावरांनी शिकवलं. पक्ष्यांचं तर डॉक्टरांनाही फारसं ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी पडलेलं पिंगळ्याचं पिल्लू टोपलीत घालून आणलं, तेव्हा ते म्हणाले, "मी म्हशीचा डॉक्टर. हे तुम्हीच बघा." मी बघितलं. पिंगळा म्हणजे साळुंकीएवढं घुबड, अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द, आणि बघणं असं की जसं काय आपणच त्याच्या घरात न विचारता शिरलोय. काय खातो ते कळायला मी दवाखान्यामागच्या आंब्याखाली आठ दिवस संध्याकाळी बसले. त्या आंब्याच्या ढोलीत त्यांचं जोडपं राहायचं. किडे, पाली, उंदीर, जे मिळेल ते अख्खं गिळायचं, आणि हाडं, केस, न पचलेलं सगळं गोळी करून ओकून टाकायचं. ती गोळी फोडली की आत उंदराचा जबडा, दात लावून ठेवल्यासारखा. तेव्हा कळलं की हाडाशिवाय याचं हाड होत नाय.

ते पिल्लू मी वाढवलं आणि त्याच आंब्यावरून सोडलं. मग पंचक्रोशीत झालं, पडलेला पक्षी इंदूमावशीकडे न्यायचा.

पण पडलेलेच येत. पकडलेला एकही नाय. कारण पिंगळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आमच्याकडे जुनं माणूस सांगायचं, घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेतं आणि रोज घासतं. दगड जसा झिजेल तसा मारणारा झिजतो. सुकत सुकत जातो. ही गोष्ट ऐकून मोठी झालेली पोरं घुबडाच्या झाडाखालून पळत जायची.

मला हे अजिबात खपायचं नाय. त्या पिंगळ्यांवर आमच्या भाताची राखण होती. बांधातला उंदीर तेच उचलायचे. आणि हे लोक त्यांना अशुभ म्हणून ढोलीत चिंध्या कोंबायचे, धूर करायचे. मी इरेला पेटले. गावच्या शाळेत गेले आणि गुरुजींना म्हटलं, मला अर्धा तास द्या.

खाडीकडून एक गुळगुळीत काळा दगड आणला होता. त्यावर पोरांकडून पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहून घेतलं. सगळ्यात वळणदार अक्षर गणूचं, तिसरीतल्या. त्याने जीभ बाहेर काढून लिहिलं, 'इंदू'. दगड वाण्याच्या काट्यावर तोलला. मग सगळी वरात आंब्याखाली, आणि मी तो दगड पिंगळ्याच्या दिशेने भिरकावला. लागणार नाय असा, पण जोरात. पोरी किंचाळल्या. एक बाई म्हणाली, "गो इंदू, पदरात पोर नाय म्हणून जिवावर उदार झालीस काय!"

वर्षाने तोच दगड तिथेच सापडला. पुन्हा काट्यावर. वजन तेच. मग मी वाण्याला म्हटलं, आता मला तोल धान्याच्या मोठ्या काट्यावर. मी वाढलेली. पोरं पोट धरून हसली. गणू ओरडला, "मावशी झिजली नाय, मावशी फुगली!"

दर वर्षी हे करायचो. दगड परत आंब्याखाली ठेवायचा, वर्षाने तोलायचा. जत्रेसारखं झालं होतं ते. आणि त्याच्याच जोडीला मी पोरांना शिकवायचे की जखमी पिंगळा सापडला तर घाबरायचं नाय, अंगावर फडका टाकायचा, मागून दोन्ही पाय धरायचे, चोच नाय लागत, नखं लागतात. ढोली कुठे असते, पिल्लं होळीच्या आसपास कशी असतात, आई संध्याकाळी किती वाजता पहिली फेरी मारते, सगळं. गावातली भीती गेली. चिंध्या कोंबणं थांबलं. मला फार अभिमान वाटायचा, मंजू. अजूनही थोडासा वाटतो, तेच वाईट आहे.

मग ती गोष्ट आली. आधी पुस्तकं आली म्हणे, मग मोबाइलवर मालिका. मी दवाखान्यातच तिचे चार भाग बघितले, म्हणून ठाऊक. शाळकरी मुलगी आणि तिचा पिंगळा, घुम्या. घुम्या तिच्या खांद्यावर बसतो, दप्तरात झोपतो, दुधात बुडवलेली बिस्किटं खातो आणि हरवलेल्या वस्तू शोधून देतो. वाईट काही नव्हतं त्यात. उलट घुबड अशुभ नाय असंच ती मुलगी आपल्या आजीला सांगते. माझंच वाक्य. मी म्हटलं वा, आता माझं काम सोपं झालं.

तीन महिन्यांत पहिला बुटाचा खोका आला.

पेणहून एक गृहस्थ, पोराला घेऊन. खोक्यात पिंगळा, पंखांची पिसं कात्रीने सरळ छाटलेली, जसे शाळेतल्या पोरांचे केस कापतात. म्हणाले, "बघा ना, बिघडलाय. दिवसभर झोपतोच."

"आणि तुम्ही घोरता तेव्हा तुमची बायको तुम्हाला दुरुस्तीला नेते काय?" मी म्हटलं.

ते रागावले. पण पोरगं हसलं, आणि त्याने हळूच विचारलं, "आजी, हा माझी हरवलेली पट्टी का शोधत नाही?" मी म्हटलं, बाळा, तो स्वतःच हरवलाय.

मग खोके येतच राहिले. वडखळहून, नागोठण्याहून, रोह्याच्या कंपनीच्या वसाहतीतून. आलेला पक्षी वनखात्याला कळवायचा, तोवर आमच्याकडे ठेवायचा. पिसं छाटली की परत यायला जुनी गळून नवी फुटावी लागतात, वर्ष जातं त्यात. बहुतेकांना तेवढं वर्ष मिळत नाय.

रोह्याच्या एक बाई अजून डोळ्यापुढून हलत नाहीत. नवरा कंपनीत, शिफ्टवर. स्वतः आल्या, गाडीतून, पिंगळ्याला लोकरीच्या टोपीत घालून. टोपी स्वतः विणलेली. पिल्लापासून वाढवला होता, स्वच्छ, हाडं काढलेलं कोंबडीचं मटण, दूध, बिस्किट. "हाड कसं देणार, गळ्यात अडकलं तर?" म्हणाल्या. टोपीतून काढला तर पाय धनुष्यासारखे वाकलेले. मुडदूस. उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बाई म्हणाल्या, "मी त्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही हो."

खरं होतं ते. गुरांच्या दवाखान्यात मी मारलेली जनावरं बघितली, उपाशी ठेवलेली बघितली. तिथे राग करता येतो. या बाईंवर कसा करू? त्यांनी त्याला जीव लावून मारलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. टोपी मी धुऊन त्यांना परत पाठवली. पाठवायला नको होती असं नंतर वाटलं.

इतके दिवस मी समजत होते की हे पक्षी लांबून कुठूनतरी येतात. मुंबईच्या बाजारातून वगैरे. एकदा खोक्यात बघते तर खाली पेंढ्यात एक गोळी पडलेली, पिंगळ्याने ओकलेली. सवयीने फोडली. आत आमच्या बांधावरच्या लाल खेकड्याची नांगी. असा खेकडा मुंबईकडे मिळत नाय, आणि गोळी खाल्ल्याच्या एका दिवसात पडते, म्हणजे पिल्लं आमचीच. रुळाच्या कडेच्या झाडांतली, आमच्याच ढोल्यांतली. कासूपासून रोह्यापर्यंत एकेक आंबा, एकेक उंबर रिकामा होत होता, आणि रिकामा करणाऱ्याला ठाऊक होतं की होळीच्या आसपास जायचं, फडका टाकायचा, मागून पाय धरायचे.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. होळी झाली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यामागच्या आंब्याला शिडीच्या खुणा दिसल्या. ढोलीत तीन पिल्लं होती, मी रोज मोजत होते. एकही नाय. आई दुपारच्या उन्हात समोरच्या फांदीवर बसलेली, आणि मला बघून उडाली नाय.

शिडी कुणाची ते विचारावं लागलं नाय. बुंध्याला पांढरा रंग लागला होता. घराला रंग द्यायची ती शिडी गावात एकाकडेच, त्या वळणदार अक्षराच्या गणूकडे.

गणू आता रिक्षा चालवतो. लग्न झालं, एक मुलगी आहे. स्टेशनाबाहेर रिक्षात बसून भजी खात होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मावशी! बसा. पेणला सोडू?"

"पिल्लं कुठे हायत?"

त्याने भज्याचा कागद हळूहळू चुरगळला. "तिन्ही गेली. लोक मागतात मावशी. पोरांना आवडतात. मी काय मारायला दिली? चांगल्या घरी दिली. एसी हाय त्यांच्याकडे."

"तुला भीती नाय वाटली, गणू?"

तो खरोखर चकित झाला. "कसली? मावशी, तुम्हीच सांगितलंत ना काय होत नाय म्हणून. दगडावर नाव मीच लिवलंय."

बघ मंजू, एरवी शब्दाला शब्द देणारी बाई मी. तिथे एवढंच म्हटलं, "आईबाप अजून ढोलीवर फेऱ्या मारतायत. थोडे दिवस मारतात, मग सोडून देतात. पिल्लं त्याच्या आत परत आली तर घेतील. चल."

त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं, तो उठला. "चला," म्हणाला. रिक्षाचं पुढचं भाडं सोडून दिलं. वाईट नाय गो तो मुलगा. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पहिलं पिल्लू वडखळला दिलं होतं. घर सापडलं. मालकीणबाईंनी गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं. तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरलं होतं, वर मुलांनी शिंपले लावले होते. दुसरं ज्याला दिलं त्याने पुढे मुंबईला कुणाला तरी दिलं होतं, त्याचा फोन लागेना. रोज लावायचो. तिसरं पेणला. पत्ता गणूला नीट आठवेना, गल्ली आठवत होती. गल्लीत चार दिवस फिरलो आम्ही, गणपतीचे कारखाने ओलांडून, प्रत्येक दारात विचारत, "घुबड कुणी पाळलंय?" लोक हसायचे. एक म्हातारे म्हणाले, "बाई, आमच्या वेळी घुबड घरात शिरलं तर शांती करून घ्यायचे. तुम्ही शोधताय!"

नवव्या दिवशी सापडलं. छोटी मुलगी होती घरात, इराएवढी. तिने पिल्लाला फुटक्या टोपलीत गादी केली होती. पोट दूधपावाने टम्म फुगलेलं, पंख जेमतेम फुटलेले, तेही छाटलेले. मी बरंच समजावलं. शेवटी मुलीनेच टोपली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, त्याची आई त्याला ओळखेल ना?"

"ओळखेल," मी म्हटलं.

वनखात्याला फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब ढोलीत ठेवा, लांबून नजर ठेवा. गणूने तीच शिडी आणली. मी वर चढले, या वयात, आणि पिल्लू आत ठेवलं. मग आम्ही दोघं दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. सूर्य खाडीकडे उतरला. आणि आई आली. अगदी वेळेवर. तोंडात उंदीर. ढोलीच्या तोंडाशी बसली आणि बोलली.

पिल्लाने उत्तर द्यायचं असतं. चिरचिर करून मागायचं असतं. जो मागतो त्यालाच ती भरवते, तसंच असतं त्यांचं. आतून आवाज नाय. ती पुन्हा बोलली. पुन्हा. मान वाकडी करून आत बघितलं. मला राहवलं नाय, मी ओट्यावरून हलकेच म्हटलं, "माग गो बाय, माग."

आणि तेव्हा पिल्लू ओरडलं. माझ्या आवाजाला. ढोलीतून तोंड काढून, आईच्या अंगावरून, माझ्याकडे बघत चोच उघडली.

आई उंदीर घेऊन उडून गेली.

गणू शिडी तशीच झाडाला लावलेली सोडून घरी गेला. रात्रीत आई परत येईल म्हणून मी पिल्लू ढोलीतच राहू दिलं. सकाळी ते झाडाखाली पडलेलं होतं, मुंग्या लागलेल्या. माझ्या नावाच्या दगडापासून हातभर.

त्यानंतर आठवड्यात मादी दिसेनाशी झाली. नर राहिला. गणूने तो उद्योग सोडला, तसं तो म्हणतो आणि मी मानते. पण त्याने सोडल्याने काय होतंय, शिकलेले हात पुष्कळ आहेत. मीच शिकवलेत. यंदा आमच्या भाताला उंदीर किती लागला ते तुझ्या काकांना विचार.

आता निवृत्त झाल्यावर मी काय करते ठाऊक आहे? शाळेच्या वाटेवर बसते आणि पोरांना सांगते, पिंगळ्याला हात लावू नका, तो दगड उचलून नेतो, घासतो, आणि माणूस झिजतो. मी, इंदू, हे सांगते. एवढी वर्षं जे खोटं पाडलं ते. परवा गणूची मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, काय पण सांगते! बाबाने सांगितलाय मला, तुझा दगड हाय तेवढाच हाय."

हाय तेवढाच. काल आंब्याखाली जाऊन बघितला. गणूचं वळणदार अक्षर पुसट झालंय, पण दगड तसाच गुळगुळीत, जड. तोलायची गरज नाय. वाण्याच्या मोठ्या काट्यावर मात्र मी गेल्या महिन्यात सहज उभी राहिले आणि उतरले. वाणी म्हणाला, "मावशी, काय हो हे, किती सुकलात." मी म्हटलं, वय झालं.

तर मंजू, इराला पिल्लू आणू नकोस. माझ्याकडून नको, कुणाकडून नको. रडेल, रडू दे. तिला घेऊन इकडे ये. वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू, आत घालायला भांबुर्डीचा पाला मी आणून ठेवते, मडकं धुऊन ठेवलंय. मडक्याभोवती जाळ लागला की दिवस मावळता मावळता तो उरलेला नर आंब्याच्या सुक्या फांदीवर येऊन बसतो, एकटाच, आणि दोनदा बोलून गप्प राहतो, कुणी उत्तर देईल म्हणून. इराला तेवढं लांबून दाखवू. खांद्यावर नाय बसणार तो तिच्या.

लवकर ये गो. होळीच्या आधी ये.